प्यूजोची दहा गियरवाली, नाना पेठेतले मामा आणि फ्रेंच आटे

माळ्यावर जुनी परदेशी रेसर सायकल पडलेली असेल आणि तुम्ही पुण्यात असाल तर ती नाना पेठेत मामा म्हणून एक सायकल मिस्त्री आहेत त्यांच्याकडे घेऊन जा, आणि तोपर्यंत कुणालाही तिला पाना लावू देऊ नका. हे मी पहिल्याच ओळीत सांगतोय कारण मी बरोबर उलटं केलं, आधी दुसरीकडे गेलो, आणि त्यात सायकल जवळजवळ कायमची गेली होती.

सायकल काकांची. प्यूजोची यूओ-८, निळी, खाली वाकलेलं हँडल, पुढे दोन मागे पाच असे दहा गियर. १९८१ साली रजनीश अमेरिकेला गेले आणि मागोमाग कोरेगाव पार्कातल्या त्यांच्या आश्रमातले बरेच परदेशी लोक पण आवराआवर करून निघाले, त्यातल्या एकाकडून काकांनी ही घेतली. काका तेव्हा पिंपरीला कंपनीत होते, रोज ह्याच सायकलवर जायचे आणि सुट्टीला मित्रांबरोबर लोणावळ्यापर्यंत. मला लहानपणी हिला हात लावायची परवानगी नव्हती, फक्त पुसायची होती. नंतर स्कूटर आली, मग गुडघे दुखायला लागले आणि १९९४ च्या आसपास सायकल माळ्यावर गेली ती गेलीच. गेल्या वर्षी घर रंगवायला काढलं तेव्हा खाली उतरवली. काका आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, सायकल बघून काही बोलले नाहीत, नुसता चेनवर अंगठा फिरवला आणि काळा झालेला अंगठा बघत बसले. तेव्हाच ठरवलं की हिला परत रस्त्यावर आणायचं.

आता ह्या सायकलीबद्दल थोडं, कारण त्याशिवाय मामांनी काय केलं ते कळणार नाही. प्यूजो म्हणजे कारवाली तीच कंपनी, सायकली १८८२ साली करायला लागली. बेल्जियमचा प्रसिद्ध रेसर एडी मर्क्स सुरुवातीला ह्यांच्याच टीममध्ये होता, आणि बर्नार्ड थेव्हने १९७५ आणि १९७७ अशी दोनदा टूर द फ्रान्स जिंकला तो प्यूजोवरच. यूओ-८ ही त्या रेसवाल्यांची सायकल नव्हे, ही साधी, साध्या स्टीलची, तेरा-एक किलोची, सामान्य माणसाला परवडणारी. सत्तरच्या दशकात अमेरिकेत सायकलींची जी लाट आली त्यात ह्या ढिगाने खपल्या. लग, म्हणजे पाइपच्या सांध्यावरच्या नळ्या, लावून जोडलेली फ्रेम, मॅफॅकचे ब्रेक, सिम्प्लेक्सचे गियर, नॉर्मंडीचे हब. सगळं फ्रेंच. आणि गोची इथेच आहे. त्या काळात फ्रेंच लोकांचे आटे, पाइपचे व्यास, सगळी मापं वेगळी होती. आपल्याकडे हिरो, अ‍ॅटलस, हर्क्युलस वगैरे सगळ्या सायकली इंग्लिश मापाच्या, त्यामुळे आपल्या मिस्त्रींचा हात त्याच मापावर बसलेला. फ्रेंच सायकलीला इंग्लिश पार्ट दिसायला बसतो, दोन फेरे आत पण जातो, आणि मग आटे खातो.

मी आधी ज्या दुकानात नेली ते चांगलं चकाचक दुकान आहे, नाव घेत नाही. त्यांनी ओव्हरऑइल करतो म्हणून ठेवून घेतली. चार दिवसांनी फोन आला की बीबीचा (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पायडलचा आस ज्यात फिरतो ती जागा) उजवा कप जाम झालाय, गॅसने कापावा लागेल. जाऊन बघतो तर मुलाने पान्याला पाइप लावून जोर केला होता, कपाच्या दोन्ही सपाट कडा गोल झालेल्या. त्या मुलाला मी दोष देत नाही. इंग्लिश सायकलीत उजव्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा असतो, म्हणजे सोडवायला घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवायचा, आणि तो तसाच फिरवत होता. पण ह्या सायकलीला दोन्ही बाजूंना सरळच आटे आहेत. म्हणजे तो चार दिवस पाइप लावून कप सोडवत नव्हता, अजून घट्ट करत होता! मालकांनी मात्र एकदा थांबून माप घ्यायला पाहिजे होतं, उलट मलाच म्हणाले नवीन घ्या साहेब, हिच्यात काय ठेवलंय. सायकल उचलली, टेम्पोत टाकली आणि निघालो. खरं सांगतो, त्या दिवशी घरी येऊन काकांना काही सांगू शकलो नाही.

मामांचा पत्ता ऑफिसातल्या एका मित्राने दिला. दुकानाला पाटी नाही, नाना पेठेत गाड्यांच्या स्पेअरपार्टच्या दुकानांमधून एक बोळ आत जातो, तिथे दहा बाय बाराची खोली, अर्धी आत अर्धी बोळात. आतमध्ये लेथ आहे, छोटं जुनं. सगळेच मामा म्हणतात म्हणून मी पण मामाच म्हणतो. साठीच्या पुढचे आहेत, हात कायम काळे, पण चष्मा एकदम स्वच्छ. मी सायकल टेकवली आणि आपलं रडगाणं सुरू केलं, ते ऐकतायत की नाही कळेना. त्यांनी खिशातून व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) काढला आणि आडव्या पाइपला लावला. मग मला दाखवला.

"सव्वीस आलं बघा. इंग्लिश असती तर पंचवीस पॉइंट चार आलं असतं. ही फ्रेंच गाडी आहे दादा, हिला आपला माल लागत नाही."

दहा सेकंदांत निदान. मी विचारलं तुम्हाला कसं माहीत, तर म्हणाले मी पोरगा होतो तेव्हा उस्तादाकडे आश्रमातल्या गोऱ्यांच्या सायकली यायच्या, फ्रेंच, इटालियन, जर्मन, तेव्हा एक कप चुकीचा बसवून आटे घालवले होते आणि उस्तादाने महिनाभर पान्याला हात लावू दिला नव्हता, नुसते छर्रे धुवायला लावले होते. तेव्हापासून आधी माप, मग पाना.

तो जाम झालेला कप त्यांनी कसा काढला ते मी समोर उभं राहून बघितलं. आधी तीन दिवस डिझेल आणि इंजिन ऑइल मिसळून आतून सोडत राहिले, रोज थोडं. मग गोल झालेल्या कडा कानशीने घासून परत एकमेकांना समांतर केल्या, मिलिमीटरभरसुद्धा माल गेला नसेल. चौथ्या दिवशी सायकलची दोन्ही चाकं, चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क), सगळं काढून नुसती फ्रेम आडवी केली, कपाच्या कडा बाकावरच्या व्हाइसमध्ये गच्च आवळल्या आणि मग पाना वगैरे काही नाही, अख्खी फ्रेमच दोन हातांनी धरून फिरवली, बसच्या स्टिअरिंगसारखी. पहिल्यांदा काहीच नाही. दुसऱ्यांदा टक्क असा आवाज आला, मला वाटलं तुटलं. मामा म्हणाले सुटलं. आणि खरंच सुटलं होतं, पुढे हाताने फिरत बाहेर आलं. आतले आटे रॉकेलने धुऊन बॅटरी मारून बघितले, एकही आटा गेलेला नव्हता. मी तिथेच काकांना फोन लावला.

पुढचं काम मी त्यांच्याबरोबर जवळपास चार महिने केलं, म्हणजे काम त्यांनी केलं आणि पार्ट मी शोधले. त्यांचा नियमच आहे की परदेशी गाडीचे पार्ट गिऱ्हाइकाने आणायचे, ते काय पाहिजे ते माप लिहून देतात. एका वहीच्या पानावर लिहून दिलं होतं, ते पान मी अजून जपून ठेवलंय. सगळी मापं मिलिमीटरमध्ये, आधी व्यास मग दोन आट्यांमधलं अंतर. बीबी ३५ बाय १, दोन्ही सरळ. फ्रीव्हील (मागच्या चाकावरची दातांची चक्रं) ३४.७ बाय १. पायडल १४ बाय १.२५. हेड (हँडलखालचं बेअरिंग) २५ बाय १. कॉटर (पायडलचा दांडा, म्हणजे क्रँक, आसाला धरून ठेवणारी खिळी) ९. असली फ्रेंच सायकल दुरुस्त करणाऱ्यांनी हे आकडे लिहून ठेवा, पण त्याच्यावर विसंबून पार्ट मागवू नका, आपल्या सायकलीचं आपण मोजा, कारण पुढे पुढे फ्रेंच कंपन्यांनी पण मापं बदलली.

कॉटरचा किस्सा सांगायलाच पाहिजे. आपल्याकडे कुठल्याही सायकलच्या दुकानात कॉटर मिळतो पण तो साडेनऊ मिलिमीटरचा, ह्या क्रँकला पाहिजे नऊचा. बरेच जण काय करतात, क्रँकचं भोक मोठं करतात, म्हणजे क्रँक कायमची बदलून जाते. मामांनी उलटं केलं, बाजारातले चांगल्या लोखंडाचे चार कॉटर घेतले आणि लेथवर अर्धा मिलिमीटर उतरवले, मग तिरपी बाजू कानशीने घासली, आणि दोन्ही कॉटरचा उतार एकसारखा आहे का ते परत परत एकमेकांना चिकटवून उजेडात बघत होते. मी विचारलं एवढं काय बघताय तर म्हणाले हे सारखे नसले तर दोन पायडल एका रेषेत येत नाहीत, आणि चालवणाऱ्याला कळत नाही काय चुकतंय पण गुडघ्याला कळतं. जुने कॉटर काढायला पण हातोडा लावला नाही, स्वतः बनवलेला प्रेस आहे त्यांच्याकडे, जाड सी क्लॅम्पचा. छर्रे सगळे नवीन टाकले, बीबीला पाव इंची, एका बाजूला अकरा, जाळी न लावता सुटे. जाळीत कमी बसतात म्हणून सुटेच टाकायचे, असं त्यांचं म्हणणं.

पार्ट मिळवण्याबद्दल. पहिली धाव अर्थातच जुन्या बाजारात, बुधवारी आणि रविवारी भरतो तिथे. पाच-सहा रविवार गेलो. फ्रेंच काही मिळालं नाही पण अ‍ॅल्युमिनियमचं एक जुनं हँडलचं स्टेम (हँडल धरून चिमट्यात बसणारा दांडा) मिळालं, त्याचा उपयोग पुढे सांगतो. मुंबईला गेलो होतो तेव्हा चोरबाजारात पण एक चक्कर मारली, तिथे भाव ऐकूनच परत आलो, सायकल जुनी आहे म्हटलं की अँटिकचा भाव लावतात. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून फ्रेंच आट्यांचं म्हणून फ्रीव्हील मागवलं, फोटोत मार्किंग दिसत होतं, आलं ते साधं इंग्लिश मापाचं, आणि परत घ्यायला दीड महिना घोळ घातला. त्यानंतर कानाला खडा, मार्किंगचा जवळून काढलेला फोटो आणि व्हर्नियर लावलेला फोटो असे दोन्ही मिळाल्याशिवाय पैसे पाठवायचे नाहीत.

शेवटी कामाला आली ती भाची. ती फ्रान्समध्ये ल्योंला शिकायला आहे. तिला मापं पाठवली, तिने तिथल्या जुन्या सामानाच्या साइटवर शोधून एका आजोबांच्या गॅरेजमधून अ‍ॅटम कंपनीचं पाच चक्रांचं फ्रीव्हील, १४ ते २८ दातांचं, जवळजवळ न वापरलेलं मिळवलं, आणि दिवाळीला येताना कपड्यांत गुंडाळून आणलं. मॅफॅकच्या ब्रेकसाठी कूलस्टॉप कंपनी अजून पॅड बनवते, ते केशरी रंगाचे, ते पण तिनेच आणले. ह्या पॅडबद्दल जेवढं चांगलं सांगावं तेवढं कमी आहे, जुने पॅड दगड झाले होते, हे लावल्यावर ब्रेक दाबला की लागतो, पावसात पण लागतो. तुमचं कुणी परदेशात असेल तर अशी छोटी वस्तू येताजाता माणसाबरोबरच आणा, कुरिअर आणि ड्यूटी धरली तर वस्तूपेक्षा आणणावळ जास्त होते.

गियरचं मागचं सिम्प्लेक्स, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, मात्र वाचलं नाही. त्याची बॉडी डेल्रिन नावाच्या प्लॅस्टिकची असते, चाळीस-पन्नास वर्षांनी तडकतेच, माझं तर हातात घेतल्यावरच दोन तुकडे झालं. ओरिजनल मिळवायचा माझा हट्ट होता, मामांनी समजावलं की मिळालं तरी ते पण तेवढंच म्हातारं असणार, घाटात तुटलं तर चाकात जाईल. ते पटलं. शिमानोचं टूर्नी लावलं, स्वस्तातलं, पण ह्या जुन्या लिव्हरना आकड्यांचं क्लिक नसतं, आपण हाताने अंदाजाने ओढायचं, त्यामुळे कुठलंही गियर चालतं. फ्रेमच्या मागच्या कानातल्या भोकात आटेच नव्हते, सिम्प्लेक्सला लागत नाहीत म्हणून, तिथे १० बाय १ चा टॅप मारून आटे पाडावे लागले. अख्ख्या सायकलीत फ्रेमवर केलेला तेवढा एकच बदल. चेन आठ गियरवाली बसते, झकास चालते.

हँडलच्या स्टेमबद्दल नीट वाचा, हे जिवाशी खेळ आहे. त्या काळच्या पुष्कळ प्यूजोवर एव्हीए कंपनीचं स्टेम यायचं, त्याची खालची चीर जिथे संपते तिथे ते तडकतं. काकांच्या सायकलवर तेच होतं. मामांनी काढून पुसलं, नखाने चाचपलं आणि मला नख फिरवायला सांगितलं, केसाएवढी रेघ लागत होती. इतकी वर्षं काका ह्यावरून कामावर जात होते, काही झालं नाही हे नशीब. बदली स्टेम जुन्या बाजारातलं, ते २२.२ चं आणि फ्रेंच चिमट्यात जातं २२.०. पॉलिश पेपर घेऊन मामांनी मलाच घासायला बसवलं, दोन संध्याकाळी गेल्या, दर पाच मिनिटांनी व्हर्नियर. हँडल तेच ठेवलं, ते स्टेममध्ये थोडं ढिलं बसत होतं म्हणून कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा कापून आत गुंडाळला.

चाकांवर आमचा वाद झाला. जुन्या रिम स्टीलच्या, क्रोमच्या, दिसायला सुंदर, आणि माप २७ बाय सव्वा. मला त्याच ठेवायच्या होत्या. एका दुकानदाराने २८ बाय दीडचा, म्हणजे आपल्या साध्या काळ्या सायकलचा टायर बसेल म्हणून गळ्यात मारायचा प्रयत्न पण केला, तो बसत नाही, बसायच्या जागेत पाच मिलिमीटरचा फरक आहे. मामांचं म्हणणं, ओली स्टीलची रिम ब्रेक धरत नाही, पुण्यात चार महिने पाऊस, ७०० सीच्या अ‍ॅल्युमिनियम रिम टाका, टायर कुठेही मिळेल. ब्रेकपॅड फक्त चार मिलिमीटर खाली घ्यावे लागतात आणि मॅफॅकच्या ब्रेकला तेवढी जागा आरामात आहे. मी काकांना विचारलं, ते म्हणाले थांबत नसेल तर पळवायची कशाला. झालं, हब तेच ठेवले, बहात्तर नवीन स्पोक आणि नव्या रिम. जुन्या रिम तेल लावून घरी टांगून ठेवल्यात.

चाकाचा आऊट (डुगडुग) काढताना मामा रेडिओ बंद करतात. बोटाने एकेक स्पोक छेडायचा, आवाज ऐकायचा, पाव फेरा, परत छेडायचा. एका बाजूचे सगळे स्पोक एका सुरात लागेपर्यंत उठले नाहीत, चहा थंड होऊन साय आली होती. ते चाक फिरवून ब्रेकच्या पॅडजवळ बघितलं, केसभर पण हलत नव्हतं.

रंगाला हात लावू दिला नाही त्यांनी. मला पावडर कोटिंग करून हवं होतं. ते म्हणाले रंग नवीन केला की काकांची सायकल जाईल, नुसती सायकल राहील. मग पॉलिश, आणि क्रोमच्या गंजावर अ‍ॅल्युमिनियम फॉइल पाण्यात बुडवून घासली, एवढंच. साठ टक्के क्रोम परत आलं. दांडीवर जिथे काका कुलपाची साखळी गुंडाळायचे तिथला रंग गेलेला आहे, तो तसाच आहे.

आता तक्रारी, कारण नुसतं कौतुक केलं तर तुम्ही जाऊन माझ्या नावाने ओरडाल. मामा वेळ पाळत नाहीत. पुढच्या आठवड्यात म्हणाले की तीन आठवडे धरा. फोन उचलत नाहीत, जावंच लागतं, आणि तिथे गाडी लावायला जागा नाही. बिल नाही, रोख द्यायचे. मध्ये पंधरा दिवस गावाला गेले तर दुकानाला नुसतं कुलूप, सांगणं नाही काही नाही, मी दोनदा हेलपाटा मारला. आणि घाईचं काम अजिबात घेत नाहीत, माझ्यासमोर एका माणसाला परत पाठवला कारण त्याला शनिवारपर्यंत पाहिजे होती.

खर्च सांगतो. मजुरी साडेसहा हजार, सगळी मिळून, आणि एवढ्या कामाचे हे फारच कमी आहेत असं माझं मत, मी वरून द्यायला गेलो तर घेतले नाहीत. रिम, स्पोक, टायर, ट्यूब सात हजार दोनशे. गियर, चेन, केबल दोन हजार तीनशे. भाचीने आणलेल्या वस्तूंचे साडेपाच हजार. एकूण साडेएकवीस हजार. एवढ्यात नवीन गियरची सायकल येते हे मला दहा जणांनी सांगून झालंय. येते ना, पण ती काकांची नसते.

पहिल्यांदा मी ती कात्रजच्या जुन्या घाटात घेऊन गेलो, सकाळी सहाला. २८ च्या चक्रावर हळूहळू पण न उतरता वर गेलो. काय जाणवलं तर शांतता. चेनचा बारीक आवाज सोडून काही नाही, कुठे कुरकुर नाही, खडखड नाही, आणि खड्ड्यातून जाताना ते जुनं स्टील जरा दबतं आणि परत येतं, माझ्या अ‍ॅल्युमिनियमच्या सायकलवर हात बधिर होतात तसं काही झालं नाही. गियर टाकायला हँडलवरून हात काढून खाली दांडीपर्यंत न्यावा लागतो, त्याची सवय व्हायला दोन-तीन दिवस लागतात. उतारावर ब्रेक दोन बोटांनी लागले. पुढचं गियर मात्र मोठ्या चक्रावर चढताना अजून अडतं, ते सिम्प्लेक्सचंच जुनं ठेवलंय, त्याची स्प्रिंग थकलीये. भाचीला कळवलंय.

काकांनी सोसायटीच्या आवारात दोन फेऱ्या मारल्या. उतरल्यावर म्हणाले सीट अर्धा इंच वर आहे. मी खाली केली, मग तिसरी फेरी मारली.

मामांनी बजावून ठेवलंय की पन्नास किलोमीटर झाले की कॉटर परत आवळून घ्यायला आणायची, नवीन कॉटर बसतात आणि ढिले होतात, तसंच चालवलं तर क्रँकचं भोक खराब होतं. काल सत्तेचाळीस झाले. उद्या सकाळी घेऊन जातोय, काका पण येतो म्हणालेत, त्यांना मामांचं लेथ बघायचंय.